रुपाची न धुतलेली साडी

लाखनीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या साधनानं भावाची मुलगी गुड्डी आपल्याकडे आणली, तेव्हा पोर तीन वर्षांची होती. तिची आई रुपा आसगावला भाताच्या रोवणीत साप चावून गेली होती. बाळंतपणानंतर रुपाचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. तान्ह्या पोरीला ती चिमटे काढायची. एकदा भाकरी उलटायचा तापलेला सराटा तिच्या मांडीला लावला. साधनाला वाटलं, पोर आता सुटली.

पण रुपाच्या एका जुन्या साडीत नाक खुपसल्याशिवाय गुड्डी झोपेना. आईच्या घामाचा, आवळ्याच्या तेलाचा वास त्यात मुरला होता. साधना जवळ घ्यायला गेली की पोर अंग आखडून घ्यायची.

भाऊ कैलाश भेटायला आला, तेव्हा म्हणाला, "जिनं मारलं, तिचीच साडी काहून पायजे तिले?"

साधनाला प्रयोगातले उंदीर आठवले. नागपूरला संशोधन करताना ती उंदरांच्या पिलांना पुदिन्याचा वास द्यायची आणि त्याच वेळी विजेचा हलका झटका. मोठी पिलं नंतर त्या वासापासून पळत. डोळे न उघडलेली, आठवड्याभराची पिलं मात्र सरपटत त्याच्याकडेच जात. त्या वयात मेंदूतलं भीतीचं केंद्र अजून कामाला लागलेलं नसतं; झटक्यानं मेंदूत सुटलेलं नॉरअॅड्रेनलिन हे रसायन मात्र वासाच्या भागात तो वास पक्का करून टाकतं. आईविना पिलू जगत नाही, मग ती आई कशीही असो. माणसाचं पोर म्हणजे उंदीर नव्हे, असं साधना स्वतःला बजावायची. तरी ती गुलाबी, आंधळी तोंडं तिला भर वर्गात दिसू लागली.

एकदा तिनं साडी धुतली. गुड्डीनं ती हुंगली आणि घरभर आई शोधत फिरली. धड जेवेना, तापानं फणफणली.

साधनानं कैलाशकडून रुपाची दुसरी, न धुतलेली साडी मागवली. ती गुड्डीला न देता स्वतः नेसली, केसांना आवळ्याचं तेल चोपडलं आणि दुपारी खाटेवर पडली. गुड्डी दारात थबकली. मग पहिल्यांदाच तिच्या कुशीत शिरली आणि झोपली.

तेव्हापासून रोज दुपारी तसंच चालतं. पोर अंगानं भरली. झोपेत साधनाला "आई" म्हणते.

मागे कैलाश न कळवता आला. खाटेवर रुपाच्या साडीतली पाठमोरी आकृती पाहून उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, "बदल ते, साधना. मले पाहवत नाही."

"दादा, हळू बोल. आता झोपली हाये."

तो बाहेर ओसरीवर जाऊन बसला. निघताना पोरीला जवळ घेतलं, पण बहिणीकडे पाहिलं नाही.