फिलोमिनाचे सात प्रश्न

डॉक्टर म्हणाले, "बायोप्सीचा रिपोर्ट आलाय. कॅन्सर आहे." मी म्हणाले, "बरं." बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी, एवढं मला माहीत होतं. पुढे काय विचारायचं ते माहीत नव्हतं.

मी शाळेत शिकवायचे. डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, असं आमच्या घरात सगळ्यांनाच वाटायचं. हे डॉक्टर दर गुरुवारी मुंबईहून वसईतल्या एका छोट्या हॉस्पिटलात येत. मी त्यांच्यासाठी घरची सुकेळी न्यायचे. केळी कशी सुकवतात, पानात कशी बांधतात, हे सांगण्यातच माझी दहा मिनिटं संपायची. तब्येत विचारली की मी म्हणायचे, "छान आहे."

छान काही नव्हतं. केमोथेरपी, म्हणजे शिरेतून दिलं जाणारं कॅन्सरवरचं औषध, सुरू झाल्यावर माझी पाठ दुखायला लागली. कॅन्सर हाडात गेला, असं मी स्वतःच ठरवून टाकलं आणि कोणालाच सांगितलं नाही. घास उतरायचा नाही.

माझ्या आधी नंबर असायचा फिलोमिनाचा. वसईतल्याच होळी गावची, भाजीची वाडी असलेली, सातवी शिकलेली. ती कागदावर प्रश्न लिहून आणायची. दार अर्धं उघडं असायचं, सगळं ऐकू यायचं. "डॉक्टर, असं इंग्लिशमधून नका सांगू. चित्र काढून दाखवा." आणि डॉक्टर चक्क काढायचे! सुकेळी मी द्यायची आणि चित्रं हिला. मी नुसती जळफळायचे. आजार तिचा माझ्याएवढाच, पण ही बाकावर बसून शेजारणीशी मिरच्यांच्या रोपांबद्दल गप्पा मारायची. त्याचा तर मला रागच यायचा.

शेवटी निव्वळ ईर्ष्येपोटी मी कागद घेतला. तिचे सात प्रश्न असायचे, मी नऊ लिहिले. आत गेल्यावर तो कागदच डॉक्टरांपुढे केला. डॉक्टर वाचत वाचत नवव्या प्रश्नावर थांबले. 'महिनाभर पाठ दुखते. हाडात गेलाय का?'

"हे सगळ्यात शेवटी लिहिलंत?" ते म्हणाले. "बाई, तुम्ही सांगितलं नाही तर मला कळणार कसं?"

त्यांनी बोन स्कॅन करायला सांगितला. त्यात शिरेतून औषध टोचून हाडांचे फोटो काढतात. रिपोर्ट कधी येईल, कोण सांगेल, तोवर दुखलं तर काय घ्यायचं, हे मी विचारून घेतलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर निदान एवढं विचाराच. भीती होतीच, पण गुरुवारी कळणार हे ठरलेलं होतं, म्हणून मधल्या दिवसांत मी चार घास जेवले.

गुरुवारी रिपोर्ट चांगला आला. दुखणं स्नायूंचं निघालं.

बाहेर आले तर फिलोमिना अजून बाकावरच होती. "बाई, माझा लिव्हरमध्ये गेला," ती म्हणाली. "किती दिवस, ते पण विचारलं मी. वर्षभर, बोलले." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "तुमचा चांगला आला ना? तोंडावरून कळतं."

"हो," मी म्हणाले.

"मला तुमचा हेवा वाटतो हां, बाई." ती सरकली आणि तिने मला बसायला जागा दिली.

मी बसले. तिचा हात हातात घेतला. त्याला मातीचा वास होता.

"मलाही तुझा," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."