कप्तानाचं चाक

साहेबांनी आमच्या कप्तानाला फसवलं. माझ्यादेखत फसवलं. सौद्यात मी कुणाला हार जात नाही, तरी मलाही फसवलं.

कप्तान म्हणजे माझ्या मोटारबोटीचा चालक. समुद्र त्यानं कधी पाहिला नव्हता. आधी नायगावला ट्रॅक्टर चालवायचा. रेणापूरकडच्या तलावात मी मासेमारीचा ठेका घेतला तेव्हा तो माझ्याकडे आला. पुढे दुष्काळात तलाव आटला, बोट भेगाळलेल्या गाळावर टेकली. तरी कप्तान रोज सकाळी तीत चढून सुकाणूचं चाक डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवायचा. हंडे घेऊन जाणाऱ्या बाया विचारायच्या, "कप्तान, कुठं निघाली स्वारी?"

"तुमच्या माहेराला. येताव का?"

चाक फिरवलं की मागे इंजिनावरच्या नळीतून एक दांडी सरकते आणि मोटार वळते. गंज धरतो तो त्या नळीच्या आत. कप्तान दांडी बाहेर काढून रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा, काडीला चिंधी गुंडाळून नळी खरवडायचा, मग ग्रीस भरायचा. मी एकदा म्हणालो, "वरून फास की ग्रीस, कशाला एवढा कुटाणा?" तो माझ्यावरच उखडला. "वरलं दिसतंय, शेठ. जाम आतलं होतंय. चाक फिरलं न्हाई तर मोटार मानसाला कुठं बी नेऊन आदळंल."

नवा जिल्हा झाला. नव्या कचेरीला पुरासाठी बोट हवी होती. मी भाव सोडला, पण अट घातली: बोटीबरोबर कप्तानालाही घ्यायचं. "घेऊ की," तिथले साहेब हसून म्हणाले. बोट कुलूपबंद शेडमध्ये गेली, कप्तान फाटकाबाहेर राहिला. रॉकेलचा डबा घेऊन तो पुन्हा पुन्हा जायचा. "नोकरी ऱ्हाऊ द्या, साहेब. निस्तं चाक फिरवू द्या."

"पाणी कुठंय? पाऊस आल्यावर बघू." इंजिनाला मात्र नवा रंग दिला.

पाऊस आला आणि नदी मळ्यांत घुसली. एक कुटुंब झाडावर अडकलं. तेव्हा साहेबांची जीप कप्तानाच्या दारात! शेड उघडली, तर चाक हलेना. कप्तान म्हणाला, "घंटाभर द्या, सोडवतो." साहेब ओरडले, "माणसं बुडतील, निघ आधी!" झाडावरची लेकरं दिसत होती. कप्तान निघाला. चाक जाम, मोटार सरळच पळणार. वल्ह्यानं बोट वळवत त्यानं सगळ्यांना आणलं. काठाजवळ बोट पुलाच्या खांबावर जाऊ लागली, तेव्हा त्यानं हात आडवा घातला. माणसं वाचली. त्याचा उजवा हात गेला.

चौकशीत ठरलं, चालकाचा निष्काळजीपणा!

कप्तान देगलूरला लेकीकडे गेला, तिथंच वारला. शेवटचं भेटलो तेव्हा उठून माझ्या जीपपाशी आला. डाव्या हातानं चाक दोन्हीकडे फिरवून पाहिलं. "मोकळं हाय," म्हणाला.

चौकशी करणाऱ्यांनो, त्या शेडची किल्ली कुणाच्या खिशात होती? तुमच्या त्या कागदावरचं कप्तानाचं नाव खोडा आणि तिथं त्या किल्लीवाल्याचं लिहा. माझ्यासमोर लिहा.