काळ्यांच्या पोटचं पांढरं

पाच वर्षं हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

कोंबड्यांचा नाद मला नोकरीच्या आधीपासूनचा. दिवसभर बेळगावात ऑफिसात बसलो तरी मन उचगावातल्या खुराड्यापाशी. सगळ्या काळ्याभोर: चोच काळी, पाय काळे, उन्हात पिसांवर हिरवी झाक. एकही पांढरं पीस चालायचं नाही. निपाणीहून लोक पिल्लांसाठी यायचे आणि मी ऐटीत सांगायचो, "आमच्यात भेसळ न्हाय."

मग एका खेपेला बारा पिल्लांत तीन पिवळट पांढरी निघाली.

भिंतीपलीकडं आक्का राहते. नात्याची नव्हे, पण लहानपणापासून आक्काच. एकटी बाई. तिचा एक पांढरा कोंबडा होता, मुंगसानं आई नेल्यावर तिनं पदराखाली वाढवलेला. दुकानापर्यंत तिच्या मागं मागं जायचा. मी दुसरा विचारच केला नाही. सकाळी डेअरीवर, दूध घालायच्या रांगेत, सगळ्यांदेखत म्हणालो, "आक्का, तुझ्या कोंबड्यानं माझं वाण नासवलं."

"व्हय रं? तुझ्या जाळीतनं आत शिरला? मग तो कोंबडा न्हाय, चिमणी हाय."

रांग हसली. मला झोंबलं. "त्याचा निकाल लाव, न्हायतर मी लावतो."

त्या रविवारी भिंतीवरून रश्श्याचं भांडं आलं. "खा. मिटलं आता." मी खाल्लं. चांगला झालाय म्हणून आणखी मागून घेतला.

सहा महिन्यांनी पुन्हा दहात दोन पांढरी. आता तर गल्लीत एकही पांढरा कोंबडा उरला नव्हता. जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काळ्या कोंबड्यातही पांढरा रंग लपलेला असू शकतो, काळ्या कोंबडीतही. दोघांकडचा एकत्र आला की पिल्लू पांढरं. म्हणजे तो माझ्याच खुराड्यात होता, पहिल्यापासून.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ती पिल्लं खोक्यात घालून निपाणीच्या बाजारात विकून आलो. पुढच्या खेपांचीही तशीच. कोंबडी अंड्यांवर बसवली की एकविसाव्या दिवशी रजा काढायचो, आक्का भिंतीवरून डोकावायच्या आत खुराडं तपासायला. जेवता जेवता उठायचो. रस्सा खाणं सोडलं. घरी सांगितलं, पित्त होतं.

यंदा एक पांढरं ठेवून घेतलं. का, ते नीट सांगता येत नाही. तो कोंबडा निघाला, वाढला, आणि एका सकाळी भिंतीवर चढून आरवला.

आक्का बाहेर आली. "हा कुणाचा रं?"

"माझाच. काळ्यांचाच. तवाची पिल्लंबी माझ्याच काळ्यांची हुती. तुझ्या कोंबड्याचं काय न्हवतं."

ती कोंबड्याकडंच बघत राहिली. "कवापास्नं ठाऊक हाय तुला?"

"पाच वर्षं झाली. हा तू ठेव, आक्का."

"मला कशाला? जिथं बोलला हुतास, तिथं बोल."

दुसऱ्या दिवशी रांगेत किटली या हातातून त्या हातात करत राहिलो. आक्का दोन माणसं सोडून पुढं. मग बोललो. सगळं, रश्श्यासकट.

"म्हंजे भेसळ तुझ्यातच हुती की रं," एकजण म्हणाला.

"व्हय."

आक्कानं वळून पाहिलं नाही. तिचं माप झालं, रिकामी किटली घेऊन निघाली. माझ्यापाशी थांबली.

"तू रस्सा आणखी मागितलास, तवा हुता न्हवता तेवढा सगळा दिलता," ती म्हणाली. "मी चाखलाबी न्हवता."

ती गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "सरक की पुढं." मी सरकलो.