पुढच्या दोन, मागच्या दोन

घटस्फोट घेतला तेव्हा मी अवघी एक्कावन्न वर्षांची पोर होते. वय तसं वाईटच. आपल्याला सगळं कळतं, असं वाटायचं वय. आता सत्तरीच्या उंबऱ्यावरून त्या पोरीकडं बघते तेव्हा वाटतं, हिला कुणीतरी कान धरून बाकावर उभी करायला पाहिजे होती.

का सुटलो ते विचारू नका. अठ्ठावीस वर्षं रोज थोडं थोडं भांडलो. मग मुलीचं लग्न झालं, घरात दोघंच उरलो, आणि भांडण बघायला कुणी नाही म्हटल्यावर दोघांचाही उत्साह संपला. संमतीनं वेगळं व्हायचं ठरलं. राहिली वाटणी.

भांड्यांचं फार अडलं नाही. लग्नातल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतंच. माझ्याकडचं नाव ते भांडं माझं, त्यांच्याकडचं ते त्यांचं. एवढ्या वर्षांत झाकणं मात्र इकडची तिकडं झाली होती. नणंदेच्या डब्यावर माझ्या मामाचं झाकण निघालं. डबा त्यांना दिला, झाकण मी ठेवून घेतलं. इतकी मी न्यायी.

खरा प्रश्न घराचा. शिवाजी पेठेतलं घर, दोघांच्या नावावरचं. एकामागं एक चार खोल्या. पुढचं दार गल्लीत, मागचं बोळात. विकायला कुणीच तयार नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, "मधलं दार बांधून बंद करा. पुढच्या दोन एकाला, मागच्या दोन एकाला."

मागच्या दोनांत स्वयंपाकघर होतं. मला तेच पाहिजे होतं. तिथून माझे तेरा डबे जायचे, नर्सिंगच्या मुलींचे. ओटा माझ्या बुटक्या उंचीला बेतून बांधलेला, आणि बोळातल्या खिडकीतून मुली हात घालून आपापला डबा न्यायच्या. सुटल्यावर मी जगणार होते ती त्या ओट्याच्या जिवावर.

मग सरळ मागायचं ना? पण सरळ मागेल ती मी कसली! माझं एक शास्त्र होतं. नवऱ्याकडून जे हवं ते नको म्हणायचं. "फ्रीज नको, बिल येतं" म्हटलं की संध्याकाळपर्यंत फ्रीज दारात. डबे सुरू केले तेही असेच. "नको बाई, लोक तुमच्या नावानं काय बोलतील," एवढंच म्हटलं होतं. "कोन काय बोलतंय बघतोच की! कर तू!" असे ते गरजले आणि दुसऱ्या दिवशी मोठी परात घेऊन आले. अठ्ठावीस वर्षांत एकदाही न चुकलेलं शास्त्र. मला त्याचा किती अभिमान!

वाटणीच्या दिवशी सगळे पुढच्या खोलीत बसलो. वकीलबाई, आम्ही दोघं, आणि हातकणंगल्याहून माझ्या बाजूनं बोलायला आलेला माझा धाकटा भाऊ. समोर काचेच्या कपाटात ह्यांनी फुटबॉलमध्ये जिंकलेल्या ढाली. त्या जागेवरून हललेल्या त्यांना कधी चालायच्या नाहीत, अगदी चुना लावतानासुद्धा. मी पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "मला पुढच्याच खोल्या पाहिजेत. मागं धुरात जन्म गेला. आता गल्लीचं दार माझं."

आणि वाट बघत बसले. आता आरडाओरडा होणार, 'माझ्या ढाली कुठं जातील' म्हणणार, मी थोडी रडणार, आणि नाइलाजानं स्वयंपाकघर पदरात घेणार.

ह्यांनी एकदा कपाटाकडं बघितलं. मग म्हणाले, "घे. पुढचं तूच घे. ढाली मी नेतो मागं. लई सोसलंस धुरात."

माझं तोंड उघडं ते उघडंच.

"बघ आक्का," भाऊ माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "दाजींचं मन केवढं मोठं हाय! उगंच सोडाय लागलीयास!"

"ताई, नक्की ना?" वकीलबाईंनी विचारलं.

"नक्की," मी म्हटलं आणि सही केली. सही इतकी झोकात केली की बघणाऱ्याला वाटावं, मी जिंकले.

पुढचे चार दिवस मी पुढच्या खोलीत फरशीवर शेगडी मांडून तेरा डबे केले. मामाचं मोठं पातेलं शेगडीवर डुगडुगायचं, पाणी बादलीनं आणायचं, फोडणीचा ठसका थेट गल्लीत. तिसऱ्या दिवशी आमटी लवंडली. चौथ्या दिवशी दोन मुली अवघडून म्हणाल्या, "मावशी, पुढच्या महिन्यापासून आम्ही मेसमध्ये जाऊ का?" तिकडं माझ्या मसाल्यांच्या फळीवर ढाली ओळीनं उभ्या होत्या, आणि ह्यांचा चहा कोपऱ्यावरच्या टपरीवरून येत होता.

पाचव्या दिवशी गवंडी आला. मधल्या दारात विटा चढू लागल्या. मी इकडं, हे तिकडं, दोघंही नुसते बघत. विटा गुडघ्यापर्यंत आल्या.

"अहो," मी म्हटलं, "मला स्वयंपाकघर पाहिजे."

गवंड्याची थापी थांबली.

"मग त्या दिवशी पुढचं कशाला मागितलंस?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

"म्हंजे मी न्हाय म्हनावं म्हनून मागितलंस?"

"हो."

"आनि फ्रीज?"

"तोही."

"डबं?"

"तेही."

"आनि पोरीला सायन्सला घातली ती?"

मी होकारार्थी मान हलवली. हे विटांच्या ढिगावरच बसले. "आयला," म्हणाले, "मला वाटायचं घर मी चालवतोय." मग, माझ्याकडं न बघता, "त्या दिवशी म्हटलं, जाता जाता एकदा तरी हिचं ऐकावं. तर तेबी खोटंच निघालं."

मी उगीचच वरची एक वीट सरळ केली.

"स्वयंपाकघर पायजे हुतं तर सांगायचं की तसं," ते उठत म्हणाले. "मी काय ढालींना फोडनी देनार हाय? घे की." मग गवंड्याला म्हणाले, "पावणं, जरा दम घ्या. भिंत घालायचीच हाय. फकस्त मानसं हिकडची तिकडं करायची हायत."

मग दुपारभर आम्ही गुडघाभर भिंत ओलांडत राहिलो. मी पातेली घेऊन मागं, ते ढाली घेऊन पुढं. मध्ये गाठ पडली की एकमेकांना वाट द्यायची. लग्नात सप्तपदीलाही आम्ही इतक्या समजुतीनं चाललो नव्हतो. वकीलबाईंना फोन केला. कागद अजून कोर्टात गेला नव्हता, त्यांनी वैतागून नवा करायचं कबूल केलं.

संध्याकाळी भिंत छताला टेकली. तेरा डबे माझ्याच ओट्यावर भरून मी खिडकीतून दिले. जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. 'मला स्वयंपाकघर पाहिजे,' एवढं एक वाक्य. पाच शब्दसुद्धा नाहीत त्यात. तेवढ्यावर तो माणूस 'घे की' म्हणाला होता, आणि मी अठ्ठावीस वर्षं शास्त्र चालवत होते. कुणावर तरी ओरडायला पाहिजे होतं. हे भिंतीपलीकडं गेलेले. हाताशी होता तो गवंडी, बोळातल्या नळावर थापी धूत बसलेला.

"भिंत वाकडी घातलीत," मी त्याला म्हटलं.

तो बिचारा उठला, हात पुसले, आत आला आणि ओळंबा लावून दाखवला. दोरी भिंतीला तंतोतंत समांतर.

"मग तुमचा ओळंबा वाकडा असेल," मी म्हटलं.