व्होल्टेज मी पाडलं

भिवंडीत माझ्याविषयी एक गैरसमज आहे, आणि तो फायद्याचा असल्यामुळे मी तो बरीच वर्षं मोडला नाही. वीज उपकेंद्राचा मी फार चांगला इंजिनिअर होतो, माझ्या काळात वीज बंद झाली नाही, असं पॉवरलूमवाले अजूनही सांगतात.

आमच्या उपकेंद्रातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला टॅप चेंजर होता. लोड वाढून व्होल्टेज पडलं की टॅप बदलून ते सावरायचं. प्रत्येक बदलाला आत ठिणगी उडते, तेल काळं पडतं, कॉन्टॅक्ट झिजतात. तो उघडून साफ करायचा तर वीज बंद ठेवावी लागते, म्हणजे शटडाउन घ्यावा लागतो. त्यासाठी शुक्रवार ठरलेला, कारण लूमना तेव्हा सुट्टी. पण शुक्रवार जवळ आला की मालक मंडळी माझ्या केबिनमध्ये हजर. ऑर्डर अर्जंट आहे, सुट्टीतही लूम चालवणार, पुढच्या वेळी बघा. मी पुढच्या वेळी बघत असे.

पडघ्याकडचे आमचे एक ऑपरेटर मात्र शटडाउन मागत राहायचे. तेल जळलंय म्हणायचे. मी तोडगा काढला: टॅप बदलूच नका, म्हणजे झिजणार नाही. मग संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, लूम रेंगाळायचे आणि फोनवरच्या शिव्या ऑपरेटर खायचे, कारण फोन त्यांच्या टेबलावर होता. शेवटी मालकांनी तक्रार केली, हा माणूस मुद्दाम व्होल्टेज पाडतो. वरून विचारणा झाली तेव्हा मला माझा हुकूम आठवला नाही. त्यांची बदली झाली आणि नाव पडलं, व्होल्टेजचोर.

पुढच्या साहेबांनी टॅप चेंजर उघडला तेव्हा तेल डांबरासारखं निघालं. तोवर मी निवृत्तीचा सत्कार घेऊन घरी बसलो होतो.

मागे अकलोलीच्या कुंडावर ते ऑपरेटर भेटले, गरम पाण्यात गुडघे शेकत. मी सगळं कबूल केलं. त्यांनी पाय बाहेरही काढले नाहीत.

"मला काय सांगताय, साहेब? मला ठावं हाय. त्यांना सांगा. माझ्या नातवाला अजून व्होल्टेजचोराचा नातू म्हणतात."

म्हणून त्या मालकांपैकी सगळ्यात जुन्यांच्या गादीवर गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझा हात धरला.

"साहब, ये आपका बड़प्पन है. अपने आदमी की गलती अपने सर ले रहे हो."

मी म्हटलं, हुकूम माझाच होता. त्यांनी शेजारच्या दोन व्यापाऱ्यांना हाक मारली.

"देखो, अभी भी उसको बचा रहे हैं."

तिघांनी मला चहा पाजला. निघालो तेव्हा माझी इज्जत आणखी वाढली होती.

बोलून ते मानत नाहीत, म्हणून लिहून ठेवतो. व्होल्टेज मी पाडलं. ते गृहस्थ शटडाउन मागत होते.