मॉर्फिन देताना

रुग्णांच्या वाट्याचं मॉर्फिन मी स्वतःच्या दंडात टोचून घेत होते, म्हणून माझा नर्सचा परवाना गेला. व्यसन सुटलं, दोन वर्षांनी परवानाही परत मिळाला. पण नव्या दवाखान्यात माझ्याशेजारी कुणी चहाला बसेना.

मॉर्फिन देताना दुसऱ्या नर्सनं समोर उभं राहून बघायचं, असा तिथं नियम होता. पहिल्याच आठवड्यात तेरखेड्याहून फटाक्यांत दारू भरताना भाजलेली एक बाई आली. मी सुई भरायला घेतली, तशा बघायला आलेल्या म्हाताऱ्या सिस्टर मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. बाई कण्हत होती. मला कुपीवरून नजर काढता येईना.

“सिस्टर, तिकडं काय बघता?” मी ओरडलेच. “माझ्या हाताकडं बघा!”