माळ घातलेला माईक

थविनकाकांच्या पिकअपमध्ये बोलायचा-ऐकायचा रेडिओ मीच बसवला. आमच्या अपघात-मदत पथकातल्या सगळ्या गाड्यांचे रेडिओ माझ्याच हातून जातात, आणि काम करताना माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो. वायर थेट बॅटरीवरून घ्यायची, तिथंच फ्यूज लावायचा. अँटेना टपाच्या मधोमध. रेडिओची पेटी अशा जागी, की धडक बसली तर कुणाच्या गुडघ्यावर येणार नाही. आणि रेडिओवर उगाच बडबड करायची नाही. काका नुसते मान डोलवत होते. मान डोलवणाऱ्या माणसाचा मला काडीचा भरवसा नाही.

काकांनी उभा जन्म उसाचा ट्रक चालवला. नऊ वर्षांपूर्वी त्यांची बायको, लामदुआनकाकू, मोटारसायकलवरून पडली आणि मदतीच्या गाडीची वाट बघत रस्त्याकडेलाच गेली. तासभर गाडी आली नाही. का आली नाही, हे कुणालाच धड सांगता आलं नाही. मग काकांनी ही जुनी पिकअप घेतली, मागं स्ट्रेचर टाकलं, आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत कॉलची वाट बघत तिच्यातच बसायला लागले. फोन घरी ठेवायचे. रेडिओ असताना फोन कशाला, म्हणायचे.

रेडिओ बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास माझ्या दुकानातल्या रेडिओवर अचानक मंत्र ऐकू यायला लागले. मी चक्रावलो. मग खोकला. मग गाडीचा दरवाजा आपटल्याचा आवाज. मला वाटलं माझाच रेडिओ बिघडला. उघडला, फुंकर मारली, शिव्या दिल्या, दुसरा लावून पाहिला. त्यातही तेच. पथकातल्या एकाचाही आवाज नाही, आणि मी बोललो तर कुणी ऐकायला तयार नाही. पंचवीस वर्षं हेच काम करतोय, पण त्या सकाळी मला ओ की ठो कळेना.

मग काकांचा आवाज आला, अगदी कानाशी बसून बोलल्यासारखा. गाडी राखणाऱ्या देवीशी बोलत होते. "आई, आज एकही कॉल नाही बघ. अशीच कृपा ठेव. कुणाला काही होऊ देऊ नको."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काकांच्या माईकचं बटण दाबलेलं राहिलं होतं. एकानं बटण दाबून धरलं की बाकीच्यांचे आवाज अडकतात, आणि त्याला स्वतःला तर काहीच ऐकू येत नाही.

एवढ्यात पथकाच्या कचेरीतून फोन आला. साखर कारखान्याच्या वळणावर बुप्पा नावाच्या बाईची मोटारसायकल ट्रकखाली आली होती. पायातून रक्ताची धार लागलेली. गाड्या रेडिओला उत्तर देत नव्हत्या, फोनवर सापडल्या त्या लांब होत्या, आणि काका कुठं असतील हेच कुणाला माहीत नव्हतं. मी रेडिओला कान लावला. नारळाच्या आइस्क्रीमवाल्याची घंटा वाजली, मागोमाग रेल्वे फाटकाची. फाटकाजवळची चिंच! तिथून ते वळण पाच मिनिटांवर. मी मोटारसायकल काढली आणि सुसाट सुटलो.

काका सावलीत आइस्क्रीम खात होते. मला बघून हसले. पहाटेच देवळात जाऊन भंतेंकडून गाडीला आशीर्वाद घेतला होता. भंतेंनी टपाला आतून आशीर्वादाचे पांढरे ठिपके लावले होते, आणि मग नवाला मंत्र म्हणत काकांनी मोगऱ्याची नवी माळ माईकला आवळून गुंडाळली होती. माळ बांधली आणि लगेच पेटीवर लाल दिवा लागला, म्हणाले, देवी पावली. तो लाल दिवा म्हणजे तुमचा आवाज बाहेर चाललाय, हे मी त्यांना सांगितलं होतं की नाही, मला आजही आठवत नाही.

मी माळ तोडली. दिवा विझला, आणि सात-आठ जण एकदमच ओरडायला लागले. सगळे बुप्पाचंच नाव घेत होते. काकांच्या हातातलं आइस्क्रीम मांडीवर सांडलं तरी त्यांना कळलं नाही.

आम्ही पोचेपर्यंत बुप्पा चाळीस मिनिटं पडून होती. जीव वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दोन दिवसांनी काका पिकअप घेऊन दुकानात आले आणि रेडिओ काढून टाक म्हणाले. "माझ्यासारख्या खुळ्याच्या हातात नको. लामदुआनला जसं कुणीतरी ताटकळत ठेवलं, तसंच मी त्या बाईला ठेवलं." मी गप्प राहिलो असतो तर सगळं त्यांच्याच माथी राहिलं असतं. पथकात कुणीही मला विचारलेलं नव्हतं.

"काका," मी म्हणालो, "बटण मिनिटभराच्या वर दाबलेलं राहिलं, तर आपोआप बंद व्हायची सोय असते यात. ती मी चालू केली नव्हती. घाईत राहून गेलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. रागावले का, हायसं वाटलं का, मला समजेना. पेटीवर हात ठेवून म्हणाले, "मग लामदुआनच्या वेळी असंच कुणाचं काय राहून गेलं असेल रे?"

मी खाली वाकून ती सोय चालू केली, तीनदा तपासली, आणि रेडिओ आहे तिथंच ठेवला.

आता माळ आरशाला असते. आणि रेडिओ जरा गप्प झाला, की काका बटण दाबून मला हाक मारतात. "विरोत, ऐकू येतंय का?"

दिवसातून वीसदा. रेडिओवर फालतू बोलणाऱ्याला मी अजूनही फाडून खातो. काकांना मात्र दर वेळी हातातलं काम टाकून सांगतो, येतंय काका, ऐकू येतंय.